सहातून वजा

मालन खराडेचा निकाल आला तेव्हा तिच्या हातात मिनिटाभरापूर्वी जन्मलेलं बाळ होतं. मुलगी, दोन किलो आठशे. मालनने नाळेला चिमटे लावले, नाळ कापली, पोर पुसून आईच्या छातीवर ठेवली आणि वार पडायची वाट बघत ती उभी राहिली. तेवढ्यात दारातून मेट्रन भोईटेबाईंचा आवाज आला.

"खराडे, हातमोजे काढ आणि बाहेर ये."

"वार पडायचीय अजून."

"ती दुसरी कुणी बघेल. तू आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाळंतिणीच्या पायाशी उभी असताना मालनला कुणी असं बोलावलं नव्हतं. ती हलली नाही. वार पडली. ती अख्खी आहे का, हे तिने उलटसुलट करून पाहिलं, रक्त थांबल्याची खात्री केली आणि मग मोजे काढले. बाहेर मेट्रनबाईंच्या हातातल्या टॅबवर तिचा फोटो होता. फोटोभोवती लाल चौकट.

"शंभर," मेट्रनबाई म्हणाल्या. "एकशे पाचच्या खाली लाल. नियम तुला माहितीये. आजपासून तू कपड्यांच्या स्टोअरला. पेशंटला हात लावायचा नाही."

"आणि आतल्या त्या पोरीला मी मधेच सोडून आले असते, तिला काही झालं असतं, तर कुणाचा रंग लाल झाला असता?"

"हे बघ, हेच," मेट्रनबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "चिडतेस. निकालात तेच तर आलंय."

मनतोल चाचणी लागू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. एका शुश्रूषागृहातल्या मदतनिसाने दोन म्हाताऱ्यांना कोंडून ठेवलं, त्यात ते गेले. त्यावरून रान उठलं आणि कायदा झाला. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो, त्या प्रत्येकाने दर सहा महिन्यांनी आपलं मन तपासून घ्यायचं. परिचारिका, बसचालक, पाळणाघरातल्या बाया, सगळ्यांनी. तपासणी म्हणजे पडद्यावर तीस विधानं. प्रत्येकासमोर पाच गोल, 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत. शेवटचं बटण दाबलं की त्या पानातच दडलेली एक छोटीशी स्क्रिप्ट बेरीज करायची आणि निकाल थेट कार्यालयात जायचा. एकशे वीसच्या वर हिरवा, एकशे पाचच्या खाली लाल, मधला पिवळा. मध्ये ना डॉक्टर, ना कुणी विचारणारं. यालाच तटस्थपणा म्हणायचे.

आधीच्या पाच वेळा मालनचा रंग हिरवा होता. एकदाही एकशे बावीसच्या खाली ती आली नव्हती. या खेपेला तिने सकाळी चहा पिता पिता चाचणी भरली होती. भाषा आधीपेक्षा सोपी केलेली दिसली, तेवढंच तिच्या लक्षात होतं. लाल आल्यावर नियमाप्रमाणे आठ वेळा समुपदेशन आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी. तोवर चादरी मोजायच्या.

त्या सहामाहीत राज्यभर लाल निकालांचा पूर आला होता. मनतोल कंपनीने पत्रक काढलं की समाजात ताणाची लाट आलेली आहे, आणि समुपदेशनाच्या जागा वाढवल्या. वर्तमानपत्रांनी लाटेवर लेख लिहिले. बेरीज पुन्हा करून बघावी, असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मालनचे यजमान सदाशिवराव हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निकाल कळल्यावर ते म्हणाले, "वयाचं असेल गं. या वयात होतं बायकांना."

"काय होतं?"

"हेच. चिडचिड."

"मी कधी चिडले तुमच्यावर?"

त्यांनी विषय बदलला. पण त्या दिवसापासून ते तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसं. भाजीत मीठ जास्त झालं तरी "छान झालीये." ती काही शोधायला लागली की "मी देतो, तू बस." मालनला त्या हळू आवाजाची शिसारी यायला लागली. एके दिवशी तिने हातातलं स्टीलचं फुलपात्र जमिनीवर आपटलं. त्यांनी आधी फुलपात्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिला कळलं, यांनी मनात नोंद केली. आता गप्प बसलं तर घुमी, बोललं तर चिडकी, रडलं तर खचलेली. लाल माणसाला कोणतंही तोंड घेऊन घरात वावरायची सोय नव्हती.

खरा घाव त्यानंतर बसला. तिची एकुलती एक मुलगी केतकी फलटणला दिली होती. पहिलटकरीण, सातवा सरलेला. डोहाळजेवण झालं की बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलं होतं. मालनने बाळंतिणीची खोली रंगवून घेतली होती, डिंक-अळीव आणून ठेवले होते. आणि एका दुपारी विहीणबाईंचा, कुमुदताईंचा फोन आला.

"मालनताई, राग मानू नका. पण दवाखान्यात नाव घालायला गेलो तर ते विचारतात, बाळ कुठे राहणार, घरात कोण कोण, प्रत्येकाचा रंग काय. लाल असलं की नोंदणीच घेत नाहीत हो. मग आम्ही म्हटलं, इथेच करू बाळंतपण."

"मी येते मग तिकडे."

"तेच म्हणत होते. इथल्या घरातही तोच नियम लागतो ना. आमचा तुमच्यावर अविश्वास नाही, पण..."

"या हातांनी मी साडेचार हजार बाळं जगात आणलीत कुमुदताई."

"हो ना. पण आता रंग..."

मालनने केतकीकडे फोन द्यायला सांगितलं. केतकीचा आवाज रडून बसलेला होता. पण ती जे बोलली, ते मालन जन्मभर विसरणार नव्हती.

"आई, तू नक्की काय लिहिलंस त्यात? उगाच नाही ना कुणी लाल होत?"

कपड्यांचं स्टोअर रुग्णालयाच्या मागच्या बाजूला होतं. डांबरगोळ्यांचा वास, पत्र्याची कपाटं, चादरींची गाठोडी. तिथे एके दिवशी बालरोग विभागातली नसीम मुजावर चादरी न्यायला आली आणि गाठोड्यावरच बसून राहिली. नसीम मालनपेक्षा दहा वर्षांनी लहान. पाच महिन्यांपूर्वी तिचा नवरा छातीत कळ येऊन गेला होता. मालनने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"रजा घे की गं."

"मागितली. मेट्रनबाई म्हणाल्या, तू हिरवी आहेस, तुला काय धाड भरलीये? लाल झालेल्यांमुळे आधीच माणसं कमी पडलीत." नसीम कोरडं हसली. "एकशे एकवीस आलेत मला. आणि झोप म्हणाल तर चार महिने नाही ताई. मी लिहिलंही तसंच. खोटं नाही लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"'रात्री झोप नीट येते' असं वाक्य होतं. मी लिहिलं, अजिबात पटत नाही."

मालनच्या हातातली चादर तशीच राहिली. "मी लिहिलं, पूर्ण पटतं."

मग मालन म्हणाली, "म्हणजे जिला झोप येते ती लाल आणि जिला येत नाही ती हिरवी? नसीम, हे कुठेतरी उलटं झालंय."

स्वतःच्या उत्तरांची प्रत अर्ज केल्यावर मिळते, असा नियम होता. तो कुणी वापरत नव्हतं, म्हणून कारकुनालाही माहीत नव्हता. मालनने नसीमलाही अर्ज करायला लावला, स्वतः तीन अर्ज केले, अकरा दिवस खेटे घातले. मेट्रनबाई म्हणाल्या, "समुपदेशनाला जायचं सोडून हे कशाला उकरतेस?" अखेर दोन प्रती मिळाल्या, तिची आणि नसीमची. प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात छापलं होतं: मूळ प्रश्नावली, डॉ. विदुला आगाशे, सांगली.

रविवारी सकाळच्या बसने मालन सांगलीला गेली. विचारत विचारत विश्रामबागेतलं घर गाठलं. दार उघडणाऱ्या बाई चौऱ्याहत्तरीच्या, सडपातळ, कापलेले पांढरे केस. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या.

"तुम्हीच का आगाशेबाई?"

"हो. आपण?"

"मी मालन खराडे. तुमच्या तीस वाक्यांनी माझं वाटोळं केलंय."

बाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. एकदाही 'शांत व्हा' म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी आपला जुना लॅपटॉप काढला.

"ही मी बारा साली केली होती, वर्गातल्या मुलांसाठी. प्रश्नावली कशी तयार करतात, कशी मोजतात ते दाखवायला. खाली लिहिलं होतं, केवळ शिकवण्यासाठी. ती ओळ त्यांनी उडवली, माझं नाव ठेवलं." त्यांनी पडद्यावर काही ओळी उघडल्या. "आणि ही तिची स्क्रिप्ट. मी स्वतः लिहिलेली. चाळीस ओळीसुद्धा नाहीत."

मालनला त्यातलं काही वाचता येईना. बाईंनी कागद घेतला आणि वर्गात शिकवत तसं सांगितलं.

"समजा तीसही वाक्यं चांगलीच आहेत. मी शांत असते, मी आनंदी असते, अशी. तर माणूस न वाचता सगळीकडे 'पटतं' करत सुटतो. म्हणून मधेमधे उलटी वाक्यं पेरायची. 'मला राग आवरेनासा होतो.' इथे 'पूर्ण पटतं' म्हणजे वाईट. पण स्क्रिप्टला कसं कळणार? ती वाक्यं वाचत नाही. तिला मराठी येत नाही, इंग्रजीही येत नाही. तिला मी फक्त दहा क्रमांक दिलेत. या दहा ठिकाणी आलेला आकडा सहातून वजा कर. पाच आला तर एक धर, एक आला तर पाच. बाकी वीस ठिकाणी जसाच्या तसा घे. आणि बेरीज कर. बस, एवढंच."

"मग माझं काय चुकलं?"

"तुमची प्रत द्या."

बाई मूळ वाक्य वाचत, मालन आपल्या प्रतीतलं. पहिली तीन जुळली. चौथ्याला बाई म्हणाल्या, "अडचण आली की मला शांत राहता येईनासं होतं."

"माझ्यात तसं नाहीये," मालन म्हणाली. "'अडचण आली की मला शांत राहता येतं.'"

बाईंनी चष्मा वर केला. "नववं. रात्री झोप येईनाशी होते."

"'रात्री झोप नीट येते.'"

"तेरावं. मला राग आवरेनासा होतो."

"'मला राग आवरता येतो.'"

बाईंनी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला कलंडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"यंत्राकडून सोपं करून घेतलंय! सुलभ मराठी! अहो, आपल्या भाषेत 'नाही' हा शब्द न वापरता नकार देता येतो. आवरेनासा, येईनासा, रमेनासा, त्या प्रत्ययात नकार बसलेला असतो. यंत्राला तो दिसलाच नाही. त्याने अवघड शब्द काढून सोपा टाकला आणि वाक्य उलटं केलं. स्क्रिप्टमधले क्रमांक मात्र तेच राहिले. वाक्य सुलटं झालं, वजाबाकी तशीच!"

दहा उलट्या वाक्यांपैकी सात अशी सुलटी झालेली निघाली. या सातांत मालनने तीन-चार ठिकाणी नव्हे, सगळीकडे चार किंवा पाच दिले होते. त्यांची बेरीज तेहतीस. सहातून वजा करून करून स्क्रिप्टने त्याचे नऊ केले होते. बाईंनी पेन्सिलीने नीट बेरीज मांडली. शंभर नव्हे, एकशे चोवीस. मग नसीमची प्रत घेतली. एकशे एकवीस नव्हे, पंचाण्णव.

"म्हणजे मी जितकी धड, तितकी लाल," मालन म्हणाली.

"हो. आणि जो जितका खचलेला, तितका हिरवा. फक्त मराठीतून भरणाऱ्यांसाठी. इंग्रजीतून भरणाऱ्या डॉक्टरांचं काही बिघडलं नसेल."

मालनला वाटलं होतं, चूक सापडली की बरं वाटेल. उलट तिला रागच आला. "बाई, तीन वर्षं तुमचं नाव छापून हे चाललंय. एकदा तरी उघडून बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

आगाशेबाईंनी कलंडलेला पेला उचलून उभा केला. "खरं सांगू? कायदा झाला तेव्हा पेपरात माझं नाव वाचून मला बरं वाटलं होतं. कात्रण कापून ठेवलंय मी. बघावंसं नाही वाटलं."

मालनने तक्रार नोंदवली, सुनावणीची तारीख मिळाली. पण सुनावणीच्या चार दिवस आधी व्हायचं ते झालं. बालरोग विभागात नसीमने एका तीन वर्षांच्या मुलाच्या सलाइनचा वेग चुकवला. मुलाला झटके आले. ते वाचलं, पण दोन दिवस अतिदक्षता विभागात होतं. नसीमला जागच्या जागी निलंबित केलं आणि पोलिसांत तक्रार गेली. आजारी असती तर वेगळं, अधिकारी म्हणाले, पण ही तर हिरवी आहे. हिरव्या माणसाने केलेली चूक म्हणजे हयगय.

नसीमच्या घरी मालन गेली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. "पोराच्या आईने माझ्या पायावर डोकं ठेवलं होतं ताई, भरती केलं त्या दिवशी. म्हणाली, सिस्टर, बघा त्याच्याकडे." तेवढंच ती पुन्हा पुन्हा बोलत होती. मालन तिच्याजवळ बसून राहिली. 'मी सांगत होते मला झोप नाही, मी सांगत होते,' असं नसीम एकदाही म्हणाली नाही. मालनलाच ते ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण ऐकायला समोर कुणी नव्हतं.

सुनावणी जिल्ह्याच्या कार्यालयात, सकाळी अकराला. सदाशिवराव बाहेर बाकावर बसले. आत मालन, आगाशेबाई आणि मनतोलचे विभागीय व्यवस्थापक मिहिर दाणी. पस्तिशीचे, अदबशीर, खिशाला कंपनीचा बिल्ला. त्यांनी दोन्ही प्रती आणि मूळ वाक्यं शेजारी ठेवून वाचली. तेराव्या वाक्यापाशी त्यांचा चेहरा उतरला. "एक मिनिट," म्हणून ते फोन घेऊन बाहेर गेले आणि वीस मिनिटांनी चहा सांगूनच परत आले.

"मॅडम, तुम्ही आमच्या लक्षात आणून दिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा निकाल आजच दुरुस्त होतोय. एकशे चोवीस, हिरवा. उद्यापासून प्रसूतिगृहात रुजू व्हा. फक्त इथे सही. तक्रार निकाली निघाली, या विषयावर बाहेर बोलणार नाही, आणि या दोन प्रती आमच्याकडे जमा."

"आणि बाकीचे?"

"पुढच्या फेरीत वाक्यं बदलतील. सहा महिन्यांत आपोआप सगळं मार्गी लागेल."

"सहा महिने? किती माणसं लाल आहेत अशी?"

दाणींनी सहीचा कागद पुढे सरकवला. आगाशेबाई म्हणाल्या, "मराठीतून भरलेले, एकाएकी लाल झालेले एक्केचाळीस हजार. तुमच्याच पत्रकातला आकडा. लाट म्हणाला होतात ना?"

"आणि नसीम मुजावर?" मालनने विचारलं.

"त्या तर हिरव्या आहेत," दाणी म्हणाले. "त्यांची तक्रार कुठेय?"

मालन उठली. तिला वाटलं, आता आपला हात उठेल. ती खोलीबाहेर आली, जिन्यात उभी राहिली आणि तिने केतकीला फोन लावला. बाळंतपणाला बारा दिवस उरले होते. सगळं सांगितलं.

"सही कर आई," केतकी म्हणाली. "कर ना. मला भीती वाटते गं. इथे सगळे चांगले आहेत, पण माझं कुणी नाही. तू हवीस मला. नंतर भांड काय भांडायचं ते."

"या प्रती दिल्या तर नसीमकडे काहीच उरत नाही बाळा. तिला आत टाकतील."

"आणि मी?"

"तू माझी आहेस," मालन म्हणाली. "तुला माझ्यावर रागावता येईल. तिला कुणावर रागावताही येत नाहीये."

केतकीने फोन ठेवला.

मालन आत गेली. आगाशेबाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "तुम्ही सही करा. मी बोलेन बाहेर." पण दोघींना माहीत होतं, प्रती नसल्या तर ते एका म्हातारीचं म्हणणं ठरलं असतं. मालनने दोन्ही कागद उचलले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि दाणींना म्हणाली, "तुम्ही माझा रंग दुरुस्त करताय ना, तो राहू दे तुमच्यापाशी. मला तो सगळ्यांबरोबर हवाय."

बाहेर सदाशिवरावांनी ऐकलं आणि ते ताडकन उभे राहिले. "काय केलंस हे? पोरीचा तरी विचार करायचास! परक्या बाईसाठी स्वतःच्या लेकीला वाऱ्यावर सोडतेस?" अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते तिच्यावर ओरडले होते. मालन तितक्याच मोठ्याने म्हणाली, "सोडलं नाहीये! तुम्हाला काही कळत नसेल तर गप्प बसा!" आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं, यांनी आज आपल्याशी धडधाकट माणसाशी भांडावं तसं भांडण केलं. एसटी स्टँडपर्यंत ते भांडत गेले. बसमध्ये बसल्यावर सदाशिवराव म्हणाले, "दाखव बरं ते कागद." घर येईस्तोवर त्यांनी तीसही वाक्यं दोनदा वाचली. नंतर तिच्याकडे न बघता म्हणाले, "मीही फसलो गं." तिने कागद परत घेऊन पर्समध्ये ठेवले. इतक्यात माफ करायची तिची तयारी नव्हती.

आगाशेबाईंनी त्याच आठवड्यात एक साधं पान तयार केलं. डावीकडे जुनी वाक्यं, उजवीकडे नवी, खाली एक छोटी स्क्रिप्ट. आपली उत्तरं भरा, दोन्ही बेरजा बघा. स्वतःची चूकही त्यांनी त्यात लिहिली, कात्रणासकट. दोन दिवसांत अकरा हजार लोकांनी आपल्या बेरजा केल्या. कोकणातला एक बसचालक, नगरकडची एक पाळणाघर चालवणारी बाई, नांदेडचे चार वॉर्डबॉय. कुणाची नोकरी गेली होती, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. एकाने नुसतं लिहिलं, माझा भाऊ हिरवा होता, तो आता नाही.

सुनावणीनंतर नवव्या दिवशी विहीणबाईंनी फोटो पाठवला. मुलगा. सिझर करावं लागलं. दोघं सुखरूप. मालनने केतकीला फोन केला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मालन स्टोअरमध्ये गेली, दार लावून घेतलं आणि गाठोड्यात तोंड खुपसून ओरडली. मग तोंड धुऊन नसीमच्या वकिलांकडे गेली.

प्रकरण न्यायालयात गेलं. त्या सहामाहीतले सगळे मराठी निकाल रद्द करायला सरकारला अडीच महिने लागले. नसीमवरची तक्रार मागे घेतली, पण नसीम पुन्हा कामावर आली नाही. बहिणीकडे मिरजेला राहते, औषधं घेते, आता थोडी झोपते. मनतोलला 'तांत्रिक त्रुटी' अशा दोन शब्दांचं पत्र गेलं. चाचणी सुरूच राहिली. दाणींची बढती झाल्याचं मालनने पेपरात वाचलं आणि पेपर टरकावला. मेट्रनबाईंनी तिला प्रसूतिगृहात परत घेताना पेढे आणले होते. मालनने पेढा घेतला नाही. "ज्या दिवशी मला बाहेर काढलंत, त्या दिवशी तुम्हाला सव्वीस वर्षं दिसली नाहीत, चौकट दिसली," एवढंच ती म्हणाली.

निकाल रद्द झाल्यानंतरच्या शनिवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, दारात रिक्षा थांबली. केतकी उतरली. एकटीच, कुशीत झोपलेलं पोर, खांद्याला फुगलेली पिशवी. तिचा चेहरा वाळला होता. ती उंबऱ्याशी थांबली, आत आली नाही.

"मी अजून चिडलेय तुझ्यावर," ती म्हणाली. "खूप. कळा सोसताना मी तुझ्या नावाने ओरडत होते, आणि तू नव्हतीस. हे मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," मालन म्हणाली.

"तू सॉरी पण म्हणणार नाहीस?"

"तू एकटी पडलीस, त्याचं दुःख मला मरेपर्यंत राहील. पण केलं ते पुन्हा करीन. खोटं सॉरी कसं म्हणू तुला?"

केतकीला आणखी बोलायचं होतं, कडक काहीतरी. एवढ्यात पोर जागं झालं आणि मुठी वळून, लालबुंद होऊन ओरडायला लागलं. केतकीने त्याला थोपटलं, खांद्यावर घेतलं, पुन्हा कुशीत घेतलं. ते थांबेना.

"असंच करतो," ती वैतागून म्हणाली. "कितीही समजावा, गप्पच होत नाही."

"ओरडू दे," मालन म्हणाली, आणि तिने हात पुढे केले.